सव्वा एकर मुलींसाठी

वाचकहो, २० नोव्हेंबर २०२४ हा दिवस तुमच्या लक्षात असेलच. आपल्याकडे विधानसभेचे मतदान होते. ग्रामसेवक, तलाठी, गुरुजी, आम्ही कृषी खात्याची माणसे, सगळेच आदल्या दिवसापासून केंद्रावर मुक्कामाला. संध्याकाळी सहाला रांगेतला शेवटचा मतदार आत घेतला, यंत्रे बंद केली, सील केली आणि गाडीची वाट बघत शाळेच्या पायरीवर बसलो. त्याच संध्याकाळी तिकडे बिहारमध्ये, राजगीरला, भारताच्या मुली चीनविरुद्ध हॉकीचा अंतिम सामना खेळत होत्या. महिलांच्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा हा सामना. तो त्यांनी १-० असा जिंकला.

मला हे कळले दुसऱ्या दिवशी दुपारी, टपरीवर चहा पिताना. कोणत्या गावात कोणाला लीड मिळणार, याच्यापलीकडे त्या आठवड्यात कोणी काही बोलत नव्हते. मीही नव्हतो, उगाच दुसऱ्याला नावे कशाला ठेवू.

तुम्ही म्हणाल, हुमणी, लष्करी अळी, पीक विमा हे विषय सोडून शेतीच्या पानावर हॉकी कशाला? कारण सांगतो. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात शाळेच्या मागे मोकळी जागा आहे. तिथे संध्याकाळी पोरे-पोरी खेळतात. तिथे व्यापारी गाळे काढायचा प्रस्ताव आहे. गाळ्याचे भाडे येईल, ग्रामपंचायतीचे उत्पन्न वाढेल, हे म्हणणे खोटे नाही. पण त्या चर्चेत एक जाणते शेतकरी मला म्हणाले, "सायेब, पोरांना काय, ते रस्त्यावर बी खेळत्याल. आन् पोरींचं म्हणाल, तर त्यांनी खेळून काय करायचं? चार वर्सांनी सासरीच जायाच्या." मी त्यांना त्या वेळी धड उत्तर देऊ शकलो नाही. नंतर राजगीरच्या संघाची यादी घेऊन बसलो, आणि उत्तर तिथेच सापडले. ते त्यांच्यासाठी, आणि अशी जागा ज्यांच्या गावात अजून शिल्लक आहे त्या सगळ्यांसाठी, इथे मांडतो.

आधी स्पर्धेचे सांगतो, कारण पुष्कळांनी ती पाहिली नसेल. ११ ते २० नोव्हेंबर असे दहा दिवस ती चालली. भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, मलेशिया आणि थायलंड असे सहा देश होते. भारताने मलेशियाला ४-० हरवले, कोरियाला ३-२, थायलंडला १३-०, चीनला ३-० आणि जपानला ३-०. उपांत्य सामन्यात पुन्हा जपान, २-०. मग अंतिम सामना. हिशेब मांडला तर सात सामन्यांत २९ गोल केले आणि खाल्ले फक्त दोन, तेही एकट्या कोरियाकडून.

आता थायलंडवर तेरा गोल करण्यात फार मोठेपणा नाही. मोठेपणा आहे तो जपान आणि चीनच्या सामन्यांत. त्याच वर्षी जानेवारीत, रांचीला, याच जपानने आपल्या मुलींना १-० असे हरवून पॅरिस ऑलिंपिकचे दार बंद केले होते. टोकियोला चौथा क्रमांक मिळवलेला संघ पुढच्या ऑलिंपिकला घरी बसला. आणि चीन? तो पॅरिसहून रौप्यपदक घेऊन आला होता. म्हणजे एकीकडे ऑलिंपिकमध्ये दुसरा आलेला देश आणि दुसरीकडे तिथे पोचूच न शकलेल्या आपल्या पोरी. हंगाम हातचा गेलेला माणूस दहा महिन्यांनी पुन्हा तिफण धरतो, त्यातलाच प्रकार.

अंतिम सामन्यात अर्ध्या वेळेपर्यंत गोल नाही. हॉकी साठ मिनिटांची असते, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग. तिसरा भाग सुरू झाला आणि एकतिसाव्या मिनिटाला भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. दीपिकाने त्यावर गोल केला. ही हरियाणातल्या हिसारची पोर. स्पर्धेत तिने एकटीने अकरा गोल केले, सर्वांत जास्त. थोड्या वेळाने तिलाच पेनल्टी स्ट्रोक मिळाला, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक. तो मात्र चीनच्या गोलरक्षक मुलीने अडवला. तिथून शेवटपर्यंत एका गोलाच्या आधारावर सामना राखायचा होता. ज्याने उभ्या पिकावर ढग आलेले पाहिलेत त्याला त्या अर्ध्या तासाची कल्पना येईल. बचावातल्या मुलींनी तो राखला.

त्या बचावफळीत एक नाव होते वैष्णवी विठ्ठल फाळके. गाव आसू, तालुका फलटण, जिल्हा सातारा. शेतकऱ्याची मुलगी.

आसू तसे आपल्याला परके नाही. नीरेच्या खोऱ्यातले गाव, आपल्यासारखेच ऊस आणि दुधावर चाललेले. पण राजगीरला भारतासाठी महाराष्ट्राची एक मुलगी खेळत होती आणि ती तिथली होती, हे माझ्या तालुक्यात मी पंधरावीस जणांना विचारले. एकालाही माहीत नव्हते. क्रिकेटच्या संघातला बारावा गडी कोण, हे मात्र दोघातिघांनी न विचारता सांगितले.

आता त्या यादीकडे या. अठरा मुली. त्यातल्या सात एकट्या हरियाणाच्या. झारखंडच्या तीन, मणिपूरच्या दोन. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, उत्तराखंड, ओडिशा, मिझोराम आणि महाराष्ट्राची प्रत्येकी एक. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई यांतल्या एकाही शहराची मुलगी नाही. आणि ज्या बिहारने ही स्पर्धा भरवली, त्या बिहारची एकही नाही.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. बिहार सरकारने राजगीरला क्रीडा अकादमी आणि क्रीडा विद्यापीठ उभे केले. २९ ऑगस्ट २०२४ ला, राष्ट्रीय क्रीडादिनी, त्याचे उद्घाटन झाले आणि तीन महिन्यांच्या आत तिथे सहा देशांची स्पर्धा झाली. कौतुकाचीच गोष्ट. संघाचे त्या वेळचे प्रशिक्षक हरेंद्रसिंग हे तर बिहारच्याच सारण जिल्ह्यातले. मैदान झाले, प्रेक्षक आले, प्रशिक्षक आपल्या मातीतला मिळाला, पण खेळणारी पोर मिळाली नाही. पैसे असले तर दोन-चार वर्षांत स्टेडियम उभे राहते. खेळाडू मात्र फळझाडासारखा आहे, लावल्यावर दहा-बारा वर्षे थांबावे लागते, आणि तो स्टेडियममध्ये रुजत नाही. गावातच रुजतो.

कसा रुजतो ते झारखंडमध्ये बघायला मिळते. सिमडेगा नावाचा जिल्हा आहे. डोंगर, सालाची जंगले, पावसाच्या भरवशावरची भातशेती, बहुतेक वस्ती आदिवासी. राजगीरला संघाची कर्णधार होती सलीमा टेटे, ती याच जिल्ह्यातल्या बडकीछापर गावची. पुढच्या फळीतल्या संगीता कुमारी आणि ब्यूटी डुंगडुंग या दोघीही सिमडेग्याच्या, आणि ऐका, दोघीही एकाच करंगागुडी गावाच्या. एका गावाच्या दोन मुली एकाच वेळी देशाच्या संघात. आपल्याकडे एका तालुक्यातून असे घडले तर आपण कमानी उभ्या करू.

या गावांत काय आहे? खस्सी आहे. खस्सी म्हणजे खच्ची केलेला बोकड. भाताची काढणी झाली की तिकडे गावोगावी हॉकीच्या स्पर्धा भरतात आणि जिंकणाऱ्या संघाला इनाम म्हणून खस्सी मिळते. कुठे कोंबड्याही ठेवतात. म्हणून त्या स्पर्धांना खस्सी स्पर्धाच म्हणतात. बोकड कापला जातो, जेवण होते, रात्री नाच-गाणे होते. पुरुषांचे संघ असतात तसे बायका-मुलींचेही असतात. काठी विकत घ्यायला पैसे नसले की बांबूची किंवा वाकड्या फांदीची करायची. मैदान म्हणजे भाताचे रिकामे खाचर नाहीतर गावाची पडीक जागा. सलीमाचे वडील शेतकरी, ते स्वतः अशा स्पर्धांत खेळायचे आणि पोरीला बरोबर घेऊन जायचे. तीही सुरुवातीला बांबूच्या काठीनेच खेळली. पुढे ती टोकियो ऑलिंपिकला गेली तेव्हा घरात तो सामना बघायला टीव्ही नव्हता, तो २०२१ मध्ये सरकारने बसवून दिला.

जवळच्याच ओडिशातल्या सुंदरगड जिल्ह्यात हीच रीत. तिथले सौनामारा हे गाव तर हॉकीपटूंचे गाव म्हणून ओळखले जाते, दिलीप तिर्की तिथलाच. आणि ही परंपरा आजची नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅमला भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक जिंकले, त्या संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा आजच्या झारखंडातल्या खुंटीकडचे, टकरा गावचे. म्हणजे शंभर वर्षे तिथे पेरणी चालू आहे. सरकारने सिमडेग्यात कृत्रिम गवताचे मैदान केले ते नंतर. आधी बोकड, मग मैदान.

हरियाणाची तऱ्हा वेगळी. तिथे एकेका शिक्षकाने गाव धरले. शाहाबाद मारकंडा या लहानशा गावात बलदेवसिंग यांनी मुलींना हॉकी शिकवली, तिथून राणी रामपाल आली, राजगीरची उपकर्णधार नवनीत कौर आली. राणीचे वडील घोडागाडी ओढून पोट भरत. सोनीपतला स्वतः भारतासाठी खेळलेल्या प्रीतम सिवाच यांनी मुली गोळा केल्या, नेहा गोयल तिथली. वर सरकारने पदक मिळवणाऱ्याला रोख रक्कम आणि नोकरी देण्याचे धोरण ठेवले. ज्या राज्यात मुलींच्या घटत्या संख्येची चर्चा सगळ्या देशाने ऐकली, त्याच राज्याने सात मुली दिल्या. तिथल्या बापांना कोणी भाषण देऊन बदलले नाही. शेजाऱ्याच्या पोरीला रेल्वेत नोकरी लागलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

मग आपल्याकडे काय? आपल्याकडे जत्रा आहे, यात्रा आहे, उरूस आहे. कुस्त्यांचा फड आहे, नारळापासून लाखापर्यंत इनाम आहे. बैलगाडा शर्यतीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ ला कायम केला, चांगले झाले, खिलार जनावर जपायला मदत झाली. आता शर्यतीला मोटरसायकली लागतात, ट्रॅक्टर लागतात. माझे त्यावर काही म्हणणे नाही, मीही बघायला जातो. पण यात्रा कमिटीच्या पत्रिकेवर मुलींसाठी काय असते? रांगोळी स्पर्धा, पाककला, फार तर संगीतखुर्ची. पोरींच्या खेळाला एक बोकड ठेवायला कमिटीला काय जड आहे? बोकड नको तर शेळी ठेवा, पाट सुद्धा चालेल, आठ-दहा महिन्यांत व्यायलेली शेळी घरी दिसली की आईबाप पुढच्या वर्षी स्वतः पोरीला मैदानावर आणून सोडतील. शेळी बिनव्याजी ठेव असते, हे आम्ही शेळीपालनाच्या प्रशिक्षणात सांगतोच.

आणि हॉकीच कशाला, खो-खो, कबड्डी आहेच की, असे कोणी म्हणेल. जरूर खेळवा. माझा हट्ट हॉकीचा नाही. पण जिथे हॉकीची काठी पोचली नाही तिथे ती पोचली तर काय होते, हे फलटण तालुक्याने दाखवले आहे. वैष्णवी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडली. राजगीरच्या आदल्या वर्षी रांचीला हाच करंडक भारताने जिंकला, त्या संघात ती होती. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत कांस्यपदक मिळाले, त्यातही होती. सातारा जिल्ह्याचीच ऋतुजा दादासो पिसाळ आणि अक्षता आबासो ढेकळे जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला पाच जणींच्या हॉकीचा विश्वचषक खेळल्या. महिलांचा तो पहिलाच विश्वचषक आणि भारताला रौप्यपदक. एकाच जिल्ह्याच्या तीन मुली. सातारा करू शकतो तर आपल्या जिल्ह्याला कोणी धरून ठेवले आहे?

आता जागेचे बोलू, कारण वाद तिथे आहे. हॉकीचे पूर्ण मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. आपल्या भाषेत पन्नास गुंठ्यांना किंचित कमी, म्हणजे सव्वा एकर. कडेची मोकळी जागा धरली तर दीड एकराच्या घरात जाते. एवढी जागा नसेल तर पाच जणींची हॉकी अकरा ते पंधरा गुंठ्यांत बसते. तिला कडेने फळ्या लावतात म्हणजे चेंडू बाहेर जात नाही. पंधरा गुंठे! बांधाच्या भांडणात दोन भावांनी पडीक पाडलेली जमीनच प्रत्येक गावात याहून जास्त निघेल.

राजगीरला निळे कृत्रिम गवत होते. तसले आपल्या गावाला मागू नका. एक तर त्याचा खर्च कोटीत जातो. दुसरे म्हणजे त्यावर सामन्याआधी फवाऱ्याने हजारो लिटर पाणी मारावे लागते, नाहीतर चेंडू नीट सरकत नाही. ज्या गावात मार्चपासून टँकर सुरू होतो तिथे गवताला अंघोळ घालणे कोणाला पटेल? ते जिल्ह्याच्या ठिकाणी एखादे असावे. गावाला मातीचे मैदान पुरे. सलीमाची सुरुवात मातीवरच झाली.

मातीचे मैदान करण्यात मात्र आमच्या खात्याचा माणूस उपयोगी पडेल. भारी काळी जमीन मैदानाला नको. उन्हाळ्यात भेगा पडतात, पाय मुरगळतो, पावसाळ्यात गारा होतो. हलकी मुरमाड जागा बघा. काळी जमीनच असेल तर वर मुरमाचा थर देऊन पाणी मारून रोलर फिरवा. मधून कडेकडे थोडा उतार ठेवा म्हणजे पाणी साचत नाही. गवत हवे असेल तर हरळी लावा. होय, हरळीच. ज्या हरळीपायी आपण आयुष्यभर कुळव मारतो, ती मैदानावर सोन्यासारखी आहे. तुडवली तरी मरत नाही, पाणी नसले तरी तग धरते, एका पावसात पुन्हा हिरवी होते. मध्ये शेळ्या सोडल्या तरी चालते, कापणीचा खर्च वाचतो. फक्त शेजारच्या रानात शिरू नये म्हणून कडेने चर काढा, नाहीतर मैदानापायी शेजाऱ्याशी कोर्टात जाल आणि दोष मला द्याल.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना थोडे सांगायचे आहे. आता ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी, आमच्या कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी. पाट्या बदलल्या, टेबले तीच आहेत. असो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हे तुम्हाला माहीत आहे. वर्षानुवर्षे त्यातून काय घेतले जाते, हेही तुम्हाला माहीत आहे. या वर्षी त्यातून बारा काठ्या, दोन डझन चेंडू, नडगीला बांधायचे पॅड आणि गोलाच्या दोन जाळ्या घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती सह्यांपुरती न घेता तिच्यात हा एकच प्रश्न विचारा, की शाळेमागची जागा कशाला ठेवायची. मुलींच्या आया काय म्हणतात ते लिहून घ्या. जागा गायरानाची असेल तर ग्रामपंचायतीच्या मर्जीने तिथे गाळेही निघत नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते, हेही लक्षात असू द्या.

आता त्या जाणत्या शेतकऱ्याचा मूळ मुद्दा. पोरी सासरी जायच्या, खेळून काय करायचे? गावात मी हे पुष्कळदा ऐकतो. त्याला जोडून आणखी ऐकतो की पोर वयात आली की मैदानावर बरे दिसत नाही, अर्धी चड्डी घालावी लागते, हातपाय मोडला तर लग्न कोण करील. हे बोलणारी माणसे वाईट नसतात. त्यांना काळजी असते. पण आकडे बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के अशा निघाल्या, ज्यांचे लग्न अठराच्या आत झाले होते. शंभरात बावीस. आणि पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी. निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय, आणि आपण म्हणणार पोरीने खेळू नये, तिला इजा होईल. इजा आधीच झालेली आहे, ती कोणाला दिसत नाही इतकेच.

माझा अनुभव असा, की ज्या घरातली पोर खेळते तिथे तिच्या ताटाकडे लक्ष जाते. तोपर्यंत दूध डेअरीला, अंडे बाजाराला आणि उरले तर मुलाला. पोर धावायला लागली, दमायला लागली, की आई स्वतःहून विचारते, "हिला काय घालू ओ खायला?" मग आम्हाला परसबागेचे सांगता येते. बाजरीची भाकरी, नाचणी, हुलगा-मटकीची उसळ, शेवग्याचा पाला, शेंगदाणा-गुळाची वडी, जमेल तेव्हा अंडे. यातले काहीच दुकानातून आणायचे नाही, सगळे आपल्याच रानातले. पोषण परसबागेच्या चार बैठका घेऊन जे होत नाही ते एका खेळणाऱ्या पोरीने होते. आणि जिचा सामना पुढच्या महिन्यात आहे, जिला तालुक्याच्या संघात जायचे आहे, त्या पोरीचे लग्न सोळाव्या वर्षी ठरवताना बापही जरा थांबतो. ग्रामसेवक हा गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. नोटीस बजावण्यापेक्षा त्याला हे काम सोपे पडेल.

हॉकीने सगळ्यांचे पोट भरेल असे मात्र मी सांगणार नाही. आमचे खाते तेवढे बदनाम आहे, की साहेब आला म्हणजे एकरी उत्पन्न फुगवून सांगणार. खरे तेच सांगतो. शंभर मुली खेळल्या तर देशाच्या संघात एकही जाईलच असे नाही. दोन-चार जणींना रेल्वेत, पोलिसात खेळाच्या कोट्यातून नोकरी लागेल. बाकीच्या सासरी जातील, शेती करतील. आणि जिंकणेही कायमचे नसते. राजगीरनंतर दहा महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, चीनमध्येच हांगझोऊला आशिया चषकाची अंतिम लढत झाली. वैष्णवी आणि ऋतुजा दोघीही त्या संघात होत्या. पहिल्याच मिनिटाला नवनीतने गोल केला, सगळ्यांना वाटले पुन्हा राजगीर. पण चीनने चार गोल परत केले. ४-१. विश्वचषकाचा थेट प्रवेश हुकला. मधल्या काळात प्रो लीगमध्येही आपला संघ तळाला गेला होता. एक चांगले वर्ष, एक वाईट वर्ष, हे शेतकऱ्याला नवीन नाही. वाईट वर्ष आले म्हणून आपण रान विकून गाळे बांधत नाही.

शंभरातल्या ज्या नव्वद पोरी सासरी जातील, त्यांच्याविषयीच मला जास्त बोलायचे आहे. लालरेमसियामीचे नाव तुम्ही ऐकले नसेल. मिझोराममधल्या कोलासिबची, शेतकऱ्याची मुलगी. राजगीरला जपानविरुद्ध उपांत्य सामन्यातला दुसरा गोल तिचा. जून २०१९ मध्ये जपानमध्ये हिरोशिमाला स्पर्धा चालू असताना तिचे वडील वारले. ती संघाबरोबर थांबली, सामना खेळली आणि मग घरी गेली. एवढा निर्धार प्रत्येकीत येईल असे नाही. पण दहा वर्षे हरणे-जिंकणे पाहिलेली बाई दुष्काळात, कर्जात, नवऱ्याच्या आजारपणात वेगळी उभी राहते. आपल्या जिल्ह्यात घरधनी गेल्यावर शेती सांभाळणाऱ्या बायका कमी नाहीत. सातबारावर नाव लागायलासुद्धा त्यांना वर्षवर्ष हेलपाटे घालावे लागतात. तहसीलच्या टेबलासमोर आवाज न कापता उभे राहणे, हे कुठेतरी लहानपणीच शिकावे लागते.

त्या गावातल्या जागेचे काय झाले, हे विचाराल. गेल्या ग्रामसभेत विषय निघालाच नाही. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब. आता पुढची तारीख लागेल. मी त्या जाणत्या शेतकऱ्याच्या घरी मुद्दाम गेलो होतो, संघाची यादी आणि हे सगळे आकडे घेऊन. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे निमित्त होतेच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. चहा झाला. निघताना त्यांची सातवीतली नात दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "सर, ती काठी कुठं मिळती?" आजोबांनी ऐकले. मला म्हणाले, "आधी घाटेअळीचं औषध लिहून द्या, मग काठीचं बगू." दोन्ही एकाच कागदावर लिहून दिले आहे.